नगरसभांचे गाऱ्हाणे : अमेरिकेतील जहाजबंदीचा (१८०७–१८०९) एक अध्याय

कोणत्याही ज्ञातिसंस्थेचे जुने दप्तर उघडले की त्यात ठरावांच्या नकला व सरकारदरबारी पाठविलेल्या विनंतिअर्जांच्या प्रती हटकून सापडतात. कोठे वसतिगृहासाठी जागा मागितलेली असते, कोठे शिष्यवृत्तीची मागणी असते, तर कोठे एखाद्या जाचक नियमाविरुद्ध दाद मागितलेली असते. त्यांपैकी पुष्कळांना नकार आलेला असतो आणि काहींना तर साधी पोचही मिळालेली नसते. हे पिवळे पडलेले कागद चाळताना तरुण सभासदांच्या मनात साहजिकच विचार येतो की, वडीलधाऱ्यांनी सभा भरवाव्या, ठराव लिहावे, सह्या कराव्या आणि अखेर सरकारने आपल्या मनास येईल तेच करावे, मग हा सारा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे असे आम्हांस वाटते, आणि म्हणून सातासमुद्रापलीकडील एक प्रकरण वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे प्रकरण निवडण्याचे विशेष कारण असे की, त्यात अर्ज करणाऱ्यांची बाजू सोपी नव्हती. शांततेच्या काळी सरकारकडे रस्ता किंवा शाळा मागणे वेगळे, आणि परराष्ट्राशी कलह पेटला असता, राष्ट्राची अब्रू पणास लागली असता, 'आमच्या गावाचा धंदा बसला' असे गाऱ्हाणे घेऊन जाणे वेगळे. अशा वेळी अर्जदारास स्वार्थी म्हणतात, शत्रूचा हस्तकही म्हणतात. तरीही अर्ज करावा काय, आणि केला तर कोणत्या मर्यादेत राहून करावा, याचा धडा अमेरिकेतील न्यू इंग्लंड प्रांताच्या लहानमोठ्या गावांनी १८०८ साली घालून दिला. त्या धड्यात अनुकरणीय भाग आहे, तसाच टाळण्याजोगाही आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड व फ्रान्स यांचे घनघोर युद्ध चालू होते. १८०५ साली ट्रफाल्गारच्या लढाईत इंग्लंडने समुद्रावर निर्विवाद प्रभुत्व मिळविले, आणि त्याच वर्षी ऑस्टर्लिट्झच्या विजयाने नेपोलियन युरोपच्या भूमीवर प्रबळ झाला. एकाला जमिनीवर हरविता येईना, दुसऱ्याला पाण्यावर. तेव्हा दोघांनीही एकमेकांचा व्यापार तोडण्याचा मार्ग धरला. नेपोलियनने नोव्हेंबर १८०६ मध्ये बर्लिन येथून फर्मान काढून इंग्लंडशी होणारा व्यापार निषिद्ध ठरविला. इंग्लंडने नोव्हेंबर १८०७ मध्ये हुकूम काढून, फ्रान्सच्या ताब्यातील बंदरांशी व्यापार करावयाचा तर आमच्या परवान्याने करा, असे तटस्थ राष्ट्रांना बजाविले. त्यावर नेपोलियनने डिसेंबरात मिलान येथून दुसरे फर्मान सोडले की, जे जहाज इंग्लंडच्या हुकमास मान देईल ते जप्त होईल. या दोन दगडांमध्ये सापडले अमेरिकेचे व्यापारी गलबत. एकाचा हुकूम पाळावा तर दुसरा पकडणार आणि दुसऱ्याचा पाळावा तर पहिला पकडणार, अशी त्याची गत झाली.

याहूनही झोंबणारी गोष्ट खलाशांची होती. इंग्रजी आरमारात माणसांचा तुटवडा असे. पगार अल्प, शिक्षा कठोर, त्यामुळे खलाशी पळून जात व पुष्कळदा अमेरिकन जहाजांवर नोकरी धरीत. त्यांना शोधण्याच्या निमित्ताने इंग्रज अधिकारी भर समुद्रात अमेरिकन जहाजे थांबवीत, खलाशांना रांगेत उभे करीत आणि ज्याला इंग्रज ठरवितील त्याला जबरीने घेऊन जात. अशा रीतीने हजारो माणसे नेली गेली व त्यांत अस्सल अमेरिकन नागरिकही होते. २२ जून १८०७ रोजी या जुलमाने कळस गाठला. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ 'लेपर्ड' या इंग्रज युद्धनौकेने 'चेसापीक' या अमेरिकेच्या सरकारी युद्धनौकेवरच तोफा डागल्या. ३ माणसे जागीच ठार झाली, १८ जखमी झाली आणि ४ खलाशी पकडून नेण्यात आले. खाजगी गलबताची गोष्ट निराळी. येथे राष्ट्राच्या निशाणावरच गोळे पडले होते. देशभर संतापाची लाट उसळली व ठिकठिकाणच्या सभांतून भरपाईची मागणी झाली.

त्या वेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन हे होते. त्यांच्यापुढे मार्ग तीन. युद्ध करावे, तर आरमार नगण्य. अपमान गिळावा, तर स्वातंत्र्य नावापुरतेच उरणार. तिसरा मार्ग त्यांनी निवडला. इंग्लंड व फ्रान्स या दोघांनाही अमेरिकेचे धान्य, कापूस व लाकूड लागते, तेव्हा आपणच आपला व्यापार बंद केला तर त्यांना शुद्धीवर यावे लागेल, असे त्यांचे गणित होते. रक्त न सांडता न्याय मिळविण्याचा हा प्रयोग होता आणि त्यामागील हेतू उदात्त होता यात आम्हांस शंका नाही. २२ डिसेंबर १८०७ रोजी कायदा झाला. कोणत्याही अमेरिकन जहाजाने परदेशी बंदरास जाऊ नये, असा त्याचा आशय. सिनेटने तो एका दिवसात संमत केला. अर्थमंत्री अल्बर्ट गॅलाटिन यांनी मात्र कायदा होण्यापूर्वीच जेफरसनना लिहून कळविले होते की, कायमच्या जहाजबंदीपेक्षा युद्धही पत्करले, कारण सरकारी मनाईमुळे होणारे नुकसान हे आधी केलेल्या अंदाजापेक्षा नेहमी अधिकच भरते. घरच्या माणसाने दिलेला हा इशारा बाजूस पडला.

कायद्याचा परिणाम किती भयंकर झाला हे दोन आकड्यांवरून कळेल. १८०७ साली अमेरिकेची निर्यात सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरची होती. १८०८ साली ती सुमारे २ कोटी २० लाखांवर आली, म्हणजे पाच भागांपैकी चार भाग नाहीसे झाले. दक्षिणेकडील तंबाखू व कापूस वखारींतून पडून राहिला आणि मळेवाल्यांचेही हाल झाले. स्वतः जेफरसन हे व्हर्जिनियाचे मळेवाले होते, त्यांनाही झळ लागली. परंतु शेतकऱ्याच्या घरी निदान खाण्यापुरते पिकते. न्यू इंग्लंडच्या बंदरगावांचे तसे नव्हते. तेथील जमीन खडकाळ, पोट सारे समुद्रावर. जहाज हलले नाही की केवळ सावकार-व्यापाऱ्याचे भांडवल अडकत नसे, तर खलाशी, गोदीतील सुतार, शिडे शिवणारे, दोरखंड वळणारे, पिंपे बांधणारे आणि मासे खारवून पाठविणारे कोळी हे सगळेच एकदम बेकार होत. धक्क्यांवर जहाजांची रांग उभी आणि काही बंदरगावांत भुकेल्यांसाठी धर्मादाय अन्नछत्रे, असा तो देखावा होता.

या गावांशी आपल्या किनाऱ्याचाही जुना संबंध आहे, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. मॅसॅच्युसेट्समधील सेलम या लहानशा बंदराची गलबते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई, सुरत व कलकत्ता येथे येत असत. ज्यांनी केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडले आहे अशा सेलमच्या तांडेलांनी व जहाजमालांच्या व्यवस्थापकांनी १७९९ साली आपली एक संस्थाही स्थापन केली होती. जहाजबंदीच्या एका सहीसरशी हा दूरचा व्यापारही गोठला.

आता या गावांपाशी गाऱ्हाणे मांडण्याचे साधन कोणते होते ते पाहू, कारण आमच्या लेखाचा तोच गाभा आहे. न्यू इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून नगरसभेची प्रथा होती. गावचे निवडलेले पंच रीतसर सूचनापत्र काढीत आणि त्यात सभेपुढील विषय क्रमवार लिहिलेले असत. सभा भरली की प्रथम सभाध्यक्ष निवडावयाचा, मग एकेक विषय चर्चेस घ्यावयाचा, मते मोजावयाची आणि गावच्या कारकुनाने सारे वहीत टिपून ठेवावयाचे. मोठ्या विषयावर मसुदा करण्यासाठी समिती नेमीत व समितीने आणलेला मसुदा सभेपुढे पुन्हा वाचला जाई. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेस नियमित येणाऱ्या वाचकांस ही पद्धत ओळखीचीच वाटेल. रस्त्याची दुरुस्ती, शाळेचा खर्च, गरिबांची व्यवस्था हे नगरसभेचे रोजचे विषय. परंतु प्रसंग पडला म्हणजे हीच सभा राज्यकर्त्यांशी बोलत असे. १७७४ साली इंग्रज सरकारने बॉस्टनचे बंदर बंद केले, तेव्हा त्याच वर्षी दुसरा कायदा करून गव्हर्नरच्या परवानगीवाचून नगरसभा भरविण्यासही मनाई केली, यावरून तिचा धाक किती होता हे समजते. स्वातंत्र्य मिळाल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेत व पुढे १७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत, शांतपणे एकत्र जमण्याचा व सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क स्पष्टपणे लिहिला गेला.

१८०८ साली या हक्काची कसोटी लागली. जे बंदर ३४ वर्षांपूर्वी परक्या राजाने बंद केले होते, ते आता आपल्याच निवडलेल्या सरकारने बंद केले होते. राजाविरुद्ध बंड केले तेव्हा वाट सरळ होती. आपल्याच सरकारशी कसे बोलावे, हा प्रश्न अधिक बिकट होता. १८०८ च्या ऑगस्ट महिन्यात बॉस्टनची नगरसभा भरली व तिने राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज पाठविला. न्यूबरीपोर्ट व प्रॉव्हिडन्स या गावांचेही अर्ज गेले. बॉस्टनच्या अर्जाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. 'तुमचे धोरण मूर्खपणाचे आहे' असे त्यात म्हटलेले नाही. नुकतेच स्पेनमधील लोक नेपोलियनविरुद्ध उठले होते, त्यामुळे तेथील बाजारपेठ अमेरिकेस पुन्हा खुली होण्याचा संभव होता. ही बदललेली परिस्थिती अर्जात दाखविली आणि विनंती केली की, राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसने दिलेल्या अधिकारानुसार जहाजबंदी संपूर्णतः किंवा अंशतः स्थगित करावी. आपणांस तसा अधिकार आहे की नाही याबद्दल राष्ट्राध्यक्षांस शंका असेल, तर काँग्रेसचे अधिवेशन लवकरात लवकर बोलवावे, असेही पुढे जोडले. मागणी एक, कारण स्पष्ट, आणि ती नाकारली तर दुसरा मार्ग तयार. अर्ज कसा लिहावा याचा हा उत्तम नमुना होय.

जेफरसन यांनी २६ ऑगस्ट १८०८ रोजी या तिन्ही गावांच्या 'कायदेशीरपणे भरलेल्या' नगरसभांना उद्देशून उत्तर दिले. उत्तर नकाराचे होते, पण ते सकारण होते. युरोपातील दोन्ही सत्तांनी असे हुकूम काढले आहेत की, जहाजे बाहेर पाठविणे म्हणजे ती गमावणे किंवा त्यांच्यापुढे मान तुकविणे होय, ही त्यांची पहिली बाजू. जहाजबंदी उठविण्याचा अधिकार काँग्रेसने आपणांस विवक्षित घटना घडल्या तरच दिला आहे व त्या घटना अद्याप घडलेल्या नाहीत, ही दुसरी. आणि काँग्रेस नोव्हेंबरच्या आरंभी भरणारच आहे, तेव्हा त्याआधी ती बोलावून काही विशेष साधणार नाही, ही तिसरी. अर्जांचा ओघ पुढे इतका वाढला की, जेफरसन यांना आपली उत्तरे छापून घ्यावी लागली. छापील उत्तर हे कोणालाही थोडे कोरडेच वाटणार. तथापि ज्या राष्ट्रप्रमुखाला युरोपच्या दोन महासत्तांशी झुंज द्यावयाची होती, त्याने कोळ्यांच्या व सुतारांच्या गावांना प्रत्येकी उत्तर देणे आपले कर्तव्य मानले, ही गोष्ट लहान नव्हे. अर्जाने सत्ताधाऱ्यावर घातलेले पहिले बंधन हेच की, त्याला आपल्या कृतीची कारणे लेखी सांगावी लागतात.

या प्रसंगी सारा देश एका बाजूला होता असे मात्र कोणी समजू नये. जहाजबंदीस पाठिंबा देणारी मानपत्रेही जेफरसन यांच्याकडे येत होती आणि त्यांनाही ते उत्तरे पाठवीत होते. सेलममध्येच क्राउनिनशील्ड हे मोठे जहाजमालक घराणे जेफरसन यांच्या पक्षाचे होते. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी तर आपल्या पक्षाचा व प्रांताचा रोष पत्करून जहाजबंदीच्या बाजूने मत दिले होते. प्रांतिक विधिमंडळाने त्यांची मुदत संपण्यापूर्वीच त्यांच्या जागी दुसऱ्याची निवड करून टाकली, तेव्हा जून १८०८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. न्यायालयाचा दरवाजाही ठोठावून झाला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायाधीश जॉन डेव्हिस यांनी, स्वतः विरोधी पक्षाच्या विचाराचे असूनही, जहाजबंदीचा कायदा घटनेस धरून आहे असा निर्णय दिला.

दुसरीकडे टवाळीलाही ऊत आला होता. 'एम्बार्गो' हा शब्द उलटा वाचून 'ओग्रॅबमी' नावाचे एक कासव व्यंगचित्रकारांनी निर्माण केले. ते माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यास मागून चावते असे दाखवीत. विल्यम कलन ब्रायंट हे पुढे अमेरिकेचे नामांकित कवी झाले. त्यांचे पहिले पुस्तक म्हणजे जेफरसन यांच्या जहाजबंदीवर टीका करणारे काव्य असून ते १८०८ साली, त्यांच्या वयाच्या तेराव्या वर्षी प्रसिद्ध झाले. मुलांच्या तोंडीही तोच विषय होता, हे यावरून दिसते.

परंतु टवाळीपेक्षा गंभीर प्रकार कायदेभंगाचा होता. कॅनडाच्या सीमेवरील शॅम्प्लेन सरोवरातून लाकडाचे मोठमोठे तराफे व पोटॅशची पिंपे चोरून उत्तरेस जाऊ लागली. ऑगस्ट १८०८ मध्ये व्हर्माँटमध्ये 'ब्लॅक स्नेक' नावाच्या चोरट्या बोटीवरून चकमक होऊन सरकारपक्षाची तीन माणसे मारली गेली. चोरटा व्यापार वाढला तसा कायदा कडक झाला, आणि कायदा कडक झाला तसा प्रामाणिक माणूसच अधिक भरडला गेला. ९ जानेवारी १८०९ च्या नव्या कायद्याने, किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणाऱ्या जहाजालाही जहाज व माल यांच्या किमतीच्या सहापट रकमेचा जामीन लिहून देणे भाग पडले. नुसत्या संशयावरून माल जप्त करण्याचा अधिकार जकात अधिकाऱ्यांना मिळाला व त्यांच्या मदतीस सैन्य देण्याची तरतूद झाली. ज्या पक्षाने 'सरकारची सत्ता मर्यादित असावी' हे ब्रीद मिरविले, त्याच पक्षाला शांततेसाठी योजलेला उपाय राबविताना आपल्याच नागरिकांवर शिपाई घालावे लागले. साधन व साध्य यांची अशी फारकत झाली म्हणजे उत्तम हेतूही व्यर्थ जातो.

या कायद्याने अर्जांची दुसरी लाट उसळली. या वेळी गावांनी आपली निवेदने मुख्यत्वे आपल्या प्रांतिक विधिमंडळाकडे पाठविली आणि त्यांची भाषाही बदलली. मेनमधील बाथ या गावच्या नगरसभेने डिसेंबर १८०८ मध्येच, स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळेसारखी, इतर गावांशी पत्रव्यवहार करणारी समिती नेमली होती. कनेक्टिकटचे गव्हर्नर जोनाथन ट्रंबुल यांनी फेब्रुवारी १८०९ मध्ये, जहाजबंदीच्या अंमलबजावणीसाठी प्रांतिक लष्करातील अधिकारी नेमून देण्यास सरळ नकार दिला. विनंती संपून अवज्ञा सुरू होण्याची सीमारेषा ती हीच.

तथापि ज्या गोष्टीने प्रत्यक्ष निकाल लागला ती अवज्ञा नव्हती, असे आम्हांस वाटते. गावागावांतून आलेला कल काँग्रेसमधील सत्ताधारी पक्षाच्याच न्यू इंग्लंडमधील सभासदांना जाणवला. १८०८ च्या निवडणुकीत जेफरसन यांचे स्नेही जेम्स मॅडिसन १२२ विरुद्ध ४७ मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले खरे, परंतु व्हर्माँट वगळता न्यू इंग्लंड त्यांच्या हातून निसटले होते. सेलमहून निवडून गेलेले जोसेफ स्टोरी हे तरुण वकील जेफरसन यांच्याच पक्षाचे. आपल्या मतदारांची अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. जहाजबंदी आता पुढे चालविता येणार नाही, असे त्यांनी आपल्या पक्षबांधवांस पटविले, व त्याबद्दल जेफरसन यांनी त्यांना पुढे कधी क्षमा केली नाही. अखेर १ मार्च १८०९ रोजी जहाजबंदी उठविणाऱ्या कायद्यावर जेफरसन यांनी स्वतः सही केली. इंग्लंड व फ्रान्स यांच्याशी व्यापार तेवढा बंद राहिला. अधिकारपद सोडण्यास त्यांना अवघे तीन दिवस उरले होते.

जहाजबंदीने तिचे मूळ कार्य केले काय? नाही. इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या कामगारांस झळ लागली, पण इंग्रज जहाजमालकांचा प्रतिस्पर्धी आपोआप बाजूस झाला. नेपोलियनने तर एप्रिल १८०८ मध्ये, 'अमेरिकन जहाजांना बाहेर पडण्यास त्यांच्याच कायद्याची बंदी आहे, तेव्हा जी सापडतील ती खोटी', असा बहाणा करून आपल्या बंदरांतील अमेरिकन जहाजे जप्त केली. दैवाचा खेळ असा की, इंग्लंडने आपले व्यापारविषयक हुकूम जून १८१२ मध्ये मागे घेतले, परंतु ती वार्ता समुद्र ओलांडून येण्यापूर्वीच, १८ जून १८१२ रोजी, अमेरिकेने युद्ध पुकारले होते.

या युद्धकाळातच न्यू इंग्लंडच्या पुढाऱ्यांनी अर्जाची मर्यादा कशी ओलांडली तेही सांगितले पाहिजे. डिसेंबर १८१४ मध्ये त्यांचे प्रतिनिधी हार्टफर्ड येथे बंद दाराआड जमले. राष्ट्र शत्रूशी लढत असताना त्यांनी घटनादुरुस्तीच्या मागण्या तयार केल्या. त्या घेऊन त्यांचे दूत राजधानीस पोचतात तोच न्यू ऑर्लिन्सच्या विजयाची व गेंटच्या तहाची बातमी येऊन धडकली. मागण्या हास्यास्पद ठरल्या आणि फेडरलिस्ट पक्ष त्यातून कधीच सावरला नाही. १८०८ ची नगरसभा उघड्या दारांनी भरली होती, तिची सूचना आधी लागली होती, विरोधकालाही तीत बोलता येत होते. हार्टफर्डची सभा गुप्त होती. गाऱ्हाणे तेच असले तरी, ते चव्हाट्यावर मांडणाऱ्यास लोक नागरिक म्हणतात आणि अंधारात मांडणाऱ्यास कटवाला म्हणतात.

आणखी एक उणीव डोळ्यांआड करून चालणार नाही. त्या नगरसभांत मत देणारे बहुधा मालमत्ताधारक पुरुषच असत. ज्या खलाशाला इंग्रजांनी पकडून नेले, ज्याच्या घरी चूल पेटेना, त्याच्यापाशी मालमत्ता नसल्यास मत नव्हते. त्याच्या बायकोला तर नव्हतेच. त्यांचे दुःख अर्जात आले ते दुसऱ्याच्या लेखणीतून. जी संस्था इतरांच्या वतीने गाऱ्हाणे मांडते तिने, सभेस न आलेल्यांचे काय म्हणणे आहे हे आधी विचारून घेतले पाहिजे, हा बोध आपल्यासारख्या मंडळांनीही घ्यावा.

या कथेचे दोन उत्तरार्ध आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतात. पहिला जॉन क्विन्सी ॲडम्स यांचा. जहाजबंदीस पाठिंबा दिल्याने ज्यांना आपल्या प्रांताच्या रोषामुळे सिनेट सोडावे लागले, तेच ॲडम्स पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि नंतर साधे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये परतले. १८३६ साली गुलामगिरीविरुद्ध आलेले अर्ज न वाचताच बाजूस ठेवावेत असा नियम प्रतिनिधिगृहाने केला. तेव्हा या वृद्ध गृहस्थाने आठ वर्षे एकाकी झुंज देऊन अर्ज करण्याच्या हक्काचे रक्षण केले आणि डिसेंबर १८४४ मध्ये तो नियम रद्द करविला. लोकमताचा तडाखा स्वतः सोसलेल्या माणसाने लोकांचे तोंड बंद होऊ दिले नाही, यास आम्ही मोठेपणा म्हणतो.

दुसरा उत्तरार्ध खुद्द जेफरसन यांचा. निवृत्तीनंतर, फेब्रुवारी १८१६ मध्ये त्यांनी जोसेफ कॅबेल या आपल्या स्नेह्यास एक पत्र लिहिले. जहाजबंदीच्या वेळी न्यू इंग्लंडच्या या लहान लहान गावांनी आपल्या पायांखालचा राज्याचा पाया हादरविला असे आपणांस जाणवले, अशी स्पष्ट कबुली त्यांनी त्यात दिली. त्या गावांना ते स्वार्थी अल्पसंख्यच समजत होते, त्यांचे मत बदललेले नव्हते. परंतु त्या गावांतील एकूण एक माणूस सभेच्या द्वारे कामास लागला, आणि आपल्या बाजूस मात्र बहुमत असूनही अशी संघटना नव्हती, हे त्यांनी ओळखले. आपल्या व्हर्जिनियातील अवाढव्य जिल्हे फोडून त्यांचे तसेच लहान लहान विभाग करावेत, म्हणजे प्रत्येकास सभेत येता व बोलता येईल, असा आग्रह त्यांनी त्याच पत्रात धरला. ज्यांच्या अर्जांना त्यांनी नकार दिला, त्यांचीच पद्धत आपल्या प्रांतास हवी असे त्यांना वाटले. पराभूत राज्यकर्त्याकडून अर्जदारांना मिळालेला याहून मोठा दाखला आमच्या माहितीत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. अर्जविनंत्यांनी काय साधते? १८०८ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनने केलेल्या अर्जास नकार आला, म्हणून तो वाया गेला असे त्या दिवशी कोणासही वाटले असते. परंतु त्या अर्जाने राष्ट्राध्यक्षांस कारणे द्यावयास लावली. त्या कारणांवर शेजारच्या गावांनी विचार केला व आपले अर्ज लिहिले. त्या अर्जांनी प्रतिनिधींना आपल्या मतदारांची खरी स्थिती कळली, आणि सात महिन्यांच्या आत कायदा पालटला. सरकारी अधिकारी वरिष्ठांना रुचेल तेवढेच कळवितात. गावचा सुतार व कोळी काय सोसतो हे राजधानीस कळविणारे दुसरे साधन नव्हते. आणि गावापुरते पाहिले तर सभा भरविण्याची, विरोधकाचे ऐकून घेण्याची, मसुदा तासून घेण्याची व बहुमत मान्य करण्याची जी सवय लागली, ती अर्जाच्या निकालाहून अधिक टिकाऊ ठरली.

म्हणून आमची सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे की, मंडळाच्या दप्तरातील ठरावांच्या व अर्जांच्या प्रती रद्दी समजून टाकून देऊ नयेत. त्या नीट लावाव्यात, त्यांवर तारखा घालाव्यात व आलेली उत्तरे, विशेषतः नकाराची उत्तरे, त्यांस जोडून ठेवावीत. पुढील पिढीस आपण काय मिळविले हे इमारती पाहून कळेलच. आपण काय मागितले, कोणत्या शब्दांत मागितले आणि नाही म्हटल्यावर कसे वागलो, हे मात्र त्या कागदांवाचून कळावयाचे नाही.